हिपने बार पडतो तेव्हा चूक कुठे शोधायची: शाळकरी मुलांच्या उंच उडीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. आठवीतली मुलगी, वय १३, उंची १५२ सेंमी, डाव्या पायावर उडते. कात्री उडीने १.३० मीटर पार करते, फॉसबरी फ्लॉपने (बारकडे पाठ वळवून, उताणं होऊन कमानीत पार होणं) १.३५. बार १.४० वर गेला की दरवेळी हिप लागून पडतो. तिच्या क्रीडाशिक्षकांना दोन गोष्टी हव्या आहेत: पाठीची कमान वाढवायला कोणते व्यायाम द्यायचे आणि आठवड्याला किती उड्या मारून घ्यायच्या.

सर, कमानीचे व्यायाम सध्या बाजूला ठेवा. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. कात्रीत शरीर जवळपास बसलेल्या स्थितीत बारवरून जातं, त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू, बारच्या वर साधारण वीतभर न्यावा लागतो. फ्लॉपमध्ये डोकं, खांदे, कंबर आणि पाय एकेक करून बारवरून जातात, म्हणून गुरुत्वमध्य बारच्या जेमतेम वर असला तरी भागतं. अर्थात जी मुलगी कात्रीने १.३० मारते, तिने ठीकठाक फ्लॉपने १.४० ते १.४५ मारायला हवी. या वयात दोन्ही प्रकारांत १० ते १५ सेंमीचं अंतर असणं निरोगी समजावं. तिचं अंतर फक्त ५ सेंमी आहे. ताकद तिच्याकडे आहे, उंची ती गाठते आहे. फ्लॉप मारायला गेली की टेकऑफलाच, म्हणजे शेवटच्या पावलावर जमीन सोडतानाच, ती उंची हरवते.

पाय जमिनीवरून सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. त्यानंतर हवेत काहीही केलं तरी तो मार्ग वर उचलला जात नाही. शरीराचे भाग त्याच्याभोवती वरखाली होतात एवढंच. या मुलीला टेकऑफपासून सर्वोच्च बिंदूपर्यंत जायला जेमतेम ०.३ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ‘कमान कर’ ही सूचना तिने ऐकायची, आठवायची आणि अमलात आणायची, हे होणार नाही. उलट मुलं ती सूचना टेकऑफच्या आधीच अमलात आणतात: जमिनीवर पाय असतानाच डोकं मागे टाकतात, खांदे बारकडे झुकवतात आणि हिप खालीच राहतात. दिसायला कमान असते, पण ती बारच्या अलीकडे झालेली असते.

आता वळणाबद्दल. फ्लॉपची धाव शेवटी वळणावर का असते, हे मुलांना समजावून सांगितलंच पाहिजे. नाहीतर ती केवळ आखलेल्या रेषेवरून चालणारी कवायत होते. वळणावर वेगाने धावताना शरीर आपोआप आत, म्हणजे बारपासून दूर, कलतं. ७ मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला ५.५ मीटर वेगाने धावणारी मुलगी उभ्या रेषेपासून सुमारे २४ अंश आत कलायला हवी. टेकऑफचा पाय टेकताना ती अशी कललेली असेल, तर पाय जमिनीवर असेपर्यंतच्या त्या सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात शरीर कललेल्या स्थितीतून उभं होतं आणि सरळ उभ्या स्थितीत जमीन सोडतं. बारवरून आडवं व्हायला लागणारं फिरणं याच हालचालीतून मिळतं, वेगळं काही करावं लागत नाही. कल हरवला असेल तर शरीर टेकऑफच्या सुरुवातीलाच उभं असतं आणि पाय सुटेपर्यंत बारवर झुकलेलं असतं. उडी वर न जाता आडवी जाते, खांदे पार होतात आणि हिप लागतो. तुमच्या खेळाडूचं दुखणं हेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

म्हणून आधी वळण आखा. शाळेच्या मातीच्या मैदानावर हे अर्ध्या तासाचं काम आहे: फक्की, एक मोठा खिळा, टेप आणि दोरी. डाव्या पायावर उडणारी मुलगी बारकडे तोंड केलं असता उजवीकडून येते, तेव्हा उजवा स्टँड (बार ज्यावर टेकतो तो खांब) हा तिचा जवळचा स्टँड. पलीकडच्या, डाव्या स्टँडच्या अगदी समोर, बारच्या रेषेपासून ६.८ मीटर अंतरावर खिळा ठोका. त्याला ७ मीटर दोरी बांधून दुसऱ्या टोकाने फक्कीचं वर्तुळ काढा. दोन स्टँडमधलं अंतर ४ मीटर असल्याने हे वर्तुळ जवळच्या स्टँडच्या ३ मीटर बाहेरून सुरू होऊन, बारच्या अलीकडे सुमारे ७० सेंमीवर आणि स्टँडच्या साधारण तेवढंच आत, टेकऑफच्या जागी पोहोचतं. तिथे धावेची दिशा बारशी सुमारे ३० अंशांचा कोन करते. वळण सुरू होतं तिथून, म्हणजे बारपासून ६.८ मीटरवरून, मागे बारला काटकोनात सरळ रेषा ओढा. त्या रेषेवर बारपासून ११ मीटरवर सुरुवातीची खूण.

धाव आठ पावलांची: तीन सरळ, पाच वळणावर. डावा पाय खुणेवर ठेवून उभं राहायचं, पहिलं पाऊल उजवं. म्हणजे तिसरं पाऊलही उजवं येतं आणि ते वळणाच्या सुरुवातीच्या खुणेवर पडलं पाहिजे. उजवा पाय वळणाच्या बाहेरचा, त्यामुळे त्याच्या रेट्यानेच वळणात शिरता येतं. आठवं पाऊल डावं, टेकऑफचं. ११ मीटर हा सुरुवातीचा अंदाज आहे. प्रत्येक मुलीचं पाऊल वेगळं. बार न लावता सहा-सात धावा घ्या आणि तिसरं व आठवं पाऊल कुठे पडतं ते पाहा. दोन्ही पावलं एकाच बाजूला चुकत असतील तर सुरुवातीची खूण तेवढी पुढे-मागे करा. तिसरं बरोबर आणि आठवं चुकीचं येत असेल तर खूण हलवू नका, दोष वळणातल्या धावेत आहे. उजव्या पायावर उडणाऱ्या मुलासाठी हीच आखणी आरशात दिसावी तशी उलट.

वळणावर सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे शेवटची दोन पावलं सरळ बारकडे ‘कापणं’. मुलाला बार दिसतो, मनाला घाई होते आणि रेषा सुटते. तपासायला सोपं आहे: मातीवर ठसे पाहा. सहावं, सातवं आणि आठवं पाऊल फक्कीच्या रेषेवर आहे का? सातवं पाऊल रेषेच्या आत पडलं की वळण संपलं, कल गेला, मग बार कुठल्या भागाने पडला ही चर्चा व्यर्थ आहे. दुसरी चूक म्हणजे कंबरेतून वाकून कल दाखवणं. कल घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत हवा. खांदा आत आणि कंबर बाहेर असेल तर वेग वाढवा किंवा त्रिज्या अर्ध्या मीटरने कमी करून पाहा. मूल सावकाश धावत असेल तर त्याला कलायची गरजच पडत नाही, मग ते कलण्याचा अभिनय करतं.

शेवटच्या दोन पावलांवर थोडं थांबू या, कारण उंची तिथे तयार होते. सातव्या, उजव्या पावलावर कंबर किंचित खाली येते. मुद्दाम बसायचं नाही. पाऊल लांब टाकून खाली गेलं तर वेग मरतो. आठवं पाऊल सातव्यापेक्षा थोडं आखूड आणि झटपट हवं. मुलांना ‘टक-टक’ असा ताल तोंडाने म्हणायला लावा, तो लांबीच्या सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. डावं पाऊल शरीराच्या पुढे, जवळपास पूर्ण तळव्यावर टेकतं, पाय बराचसा ताठ. पंजाची दिशा धावेच्या दिशेत, म्हणजे साधारण गादीच्या पलीकडच्या मागच्या कोपऱ्याकडे. पंजा बारला समांतर ठेवायची सवय अनेक मुलांना असते. ती पहिल्या आठवड्यातच मोडा: शरीर बारकडे जात असतं आणि पाऊल तिरकं अडकलेलं असतं, त्यामुळे घोट्याच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याला पीळ बसतो. या एका गोष्टीत मी कुठलीही सूट देत नाही.

टेकऑफच्या वेळी उजवा गुडघा मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत जोरात वर आणि किंचित आत, बारपासून दूर. पाठ बारकडे वळते ती या गुडघ्यामुळे. खांदे वळवायची गरज नाही. हात धावण्यासारखेच चालू द्या. दोन्ही हात एकदम वर नेण्याची मोठ्या खेळाडूंची लकब या वयात शिकवली की शेवटची दोन पावलं मंदावतात. नजर पलीकडच्या स्टँडच्या वरच्या टोकाकडे. गादीकडे पाहिलं की डोकं मागे जातं.

हवेत दोनच सूचना. वर जाताना ‘थांब’, म्हणजे वर जाण्यासाठी वेळ दे, घाईने मागे पडू नकोस. कंबर बारच्या पलीकडे गेली की ‘हनुवटी छातीला’, त्याने पाय आपोआप उचलले जातात. गुडघे एकमेकांपासून लांब ठेवायला शिकवा. जवळ असले तर गादीवर पडताना तोंडावर आपटतात. पडायचं ते पाठीच्या वरच्या भागावर, दोन्ही खांद्यांवर, कधीही मानेवर नाही.

निदानासाठी मोबाईलवर दोन जागांवरून चित्रण करा. एक, बारच्या रेषेत, स्टँडच्या बाहेर चार-पाच मीटरवर उभं राहून. तिथून सर्वोच्च बिंदू बारच्या वर येतो की अलीकडे-पलीकडे, हे दिसतं. वर जातानाच पाठ किंवा खांदा बारला लागतो आणि शिखर पलीकडे येतं, तर टेकऑफ बारच्या फार जवळ आहे. कारण बहुधा पावलं लांबली किंवा सुरुवातीची खूण पुढे आहे. शिखर अलीकडे येऊन उतरताना हिप किंवा पोटरी लागते, तर टेकऑफ लांब आहे. शिखर बरोबर बारवर आहे, तरीही हिप लागतो, तेव्हाच टेकऑफमधला कल आणि मग हवेतली घाई तपासायची. दुसरी जागा म्हणजे धावेच्या सरळ रेषेच्या मागे, सुरुवातीच्या खुणेपाशी. तिथून वळणातला कल आणि टेकऑफला खांदे कुणीकडे पडतात ते कळतं. फक्त बारवरचा क्षण पाहणाऱ्या प्रशिक्षकाला चुकीचा परिणाम दिसतो, चूक दिसत नाही.

आता चार आठवड्यांचं काम. पहिल्या आठवड्यात फ्लॉप पूर्ण बंद. सरावाच्या सुरुवातीला ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धावा, दोन्ही दिशांनी तीन-तीन फेऱ्या. मग आठ पावलांची धाव आणि वळणावरून कात्री उडी, बारच्या जागी इलॅस्टिक दोरी, उंची १.१० ते १.२०. कात्रीत बारजवळचा, म्हणजे उजवा पाय आधी पार होतो आणि पायांवर उतरायचं असतं. पायांवर उतरणारी मुलगी टेकऑफला झुकलेली असू शकत नाही, म्हणून कात्री हा कल तपासायचा सर्वांत प्रामाणिक व्यायाम आहे. बऱ्याच शाळांमध्ये फ्लॉप जमला की कात्री सोडून देतात, तिथेच प्रगती अडते. चांगल्या फ्लॉप खेळाडूच्या सरावात कात्री शेवटपर्यंत राहते.

दुसऱ्या आठवड्यात तीच कात्री, पण उतरताना गादीवर पाठीवर. टेकऑफमध्ये तसूभरही बदल नको. त्याशिवाय २० ते ३० सेंमी उंच पेटीवर गादीकडे पाठ करून उभं राहून, दोन्ही पायांनी वर उडून पाठीवर पडण्याच्या आठ-दहा उड्या, बार न लावता. यात हिप वर येण्याची आणि हनुवटी आत घेण्याची वेळ समजते. तिसऱ्या आठवड्यात चार पावलांचा फ्लॉप इलॅस्टिकवर, १.१५ पासून. चौथ्या आठवड्यात आठ पावलं, १.२५ पासून खरा बार, आणि १.३५ तीनपैकी दोनदा पार झाला तरच १.४०. उंची वाढली की टेकऑफची जागा बदलते का यावर लक्ष ठेवा. मुलं बार उंच दिसला की शेवटचं पाऊल लांब टाकतात.

किती उड्या, हा तुमचा दुसरा प्रश्न. तंत्राचे दिवस आठवड्याला दोनच, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर. प्रत्येक दिवशी पूर्ण धावेच्या १२ ते १५ उड्या, त्यात मोठ्या उंचीच्या चार-पाच. सलग तीन उड्यांमध्ये सातवं पाऊल रेषेवरून सुटू लागलं तर त्या दिवसाचं काम संपलं, आकडा पूर्ण करायचा नाही. थकलेलं मूल चुकीचीच हालचाल पक्की करतं. उरलेल्या दिवसांत २० ते ४० मीटरच्या वेगवान धावा, दोरीवरच्या उड्या, छोटे अडथळे, लांब उडी, चेंडूफेक. गवतावर एका पायाच्या उड्या मिळून ६० ते ८० वेळा जमिनीला पाय लागेल एवढ्याच. उंचावरून खाली उडी मारून लगेच परत वर उडण्याचे व्यायाम या वयात नकोत.

यामागचं कारण वाढीचं वय. मुलींमध्ये साधारण ११ ते १३ आणि मुलांमध्ये १३ ते १५ या काळात उंची झपाट्याने वाढते. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि समन्वय मागून येतात. तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखणं किंवा टाच दुखणं हे उडी मारणाऱ्या मुलांत नेहमी आढळतं. दुखतंय म्हटल्यावर टेकऑफच्या उड्या थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तेल लावून, पट्टी बांधून पुढे ढकलू नका. महिन्यातून एकदा सगळ्यांची उंची मोजून वहीत लिहा. दोन महिन्यांत दोन-तीन सेंमी वाढ दिसली की पावलाची लांबी बदललेली असते, खुणा नव्याने मोजायच्या. या काळात कामगिरी काही महिने थांबली किंवा घसरली तर ते मुलीला आणि तिच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ मुली खेळ सोडतात, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

बुटक्या मुलांना निवडीतच गाळू नका, एवढी कळकळीची विनंती. स्वीडनच्या स्टेफान होल्मची उंची १.८१ मीटर आणि त्याने २००५ मध्ये माद्रिदला २.४० पार केलं, म्हणजे स्वतःच्या डोक्यावर ५९ सेंमी. तो वेगाने धावून उडणाऱ्यांपैकी होता. धावेचा वेग आणि तो टेकऑफला टिकवण्याची क्षमता वाढवता येते, उंची नाही.

गादीबद्दल तडजोड नको. वाळूच्या खड्ड्यात कात्री चालते, फ्लॉप कधीही नाही, ‘एकदाच करून बघू’ म्हणूनही नाही. फ्लॉपसाठी किमान ५ बाय ३ मीटर आणि ७० सेंमी जाडीची गादी हवी. दोन-तीन तुकडे जोडले असतील तर ते पट्ट्यांनी घट्ट बांधा आणि वर एकच जाड आच्छादन घाला. फटीत हात किंवा पाय अडकून मोडतो. गादी स्टँडपासून १० सेंमी तरी मागे ठेवा, नाहीतर गादी हलली की स्टँड हलतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे शाळेत असताना मक्याच्या भुशाच्या गादीवर उडी शिकला आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर मारून सहावा आला. साधनं नाहीत म्हणून थांबायचं नाही, हे खरंच. पण भुसा असो वा फोम, आत भरलेला माल दर काही दिवसांनी उपसून मोकळा करावा लागतो, कारण मधला भाग दाबला जाऊन दगडासारखा होतो, आणि मुलं पडतात ती मध्येच. सरावाला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा बार वापरू नका. पाठीवर बसलेला एक फटका मुलाच्या मनात महिनाभर राहतो आणि शेवटच्या पावलावर ब्रेक लागतो. इलॅस्टिक दोरी स्वस्त आहे. तिला मधोमध कापडाची चिंधी बांधा म्हणजे ती नजरेत भरते.

स्पर्धेला जाताना तिची टेप आणि खुणेसाठी चिकटपट्टी तिच्या स्वतःच्या पिशवीत असू द्या. दोनच आकडे पाठ हवेत: स्टँडच्या बाहेर ३ मीटर, मागे ११ मीटर, किंवा तिचे जे ठरले असतील ते. सिंथेटिक ट्रॅकवर मातीपेक्षा पाऊल लांब पडतं, सुरुवातीची खूण १५ ते ३० सेंमी मागे घ्यावी लागू शकते, म्हणून सरावाच्या वेळेत आधी बार न लावता दोन धावा. सर्वोत्तम उंचीच्या १५ सेंमी खालून सुरुवात करा. बरोबरी झाली तर आधी शेवटच्या पार केलेल्या उंचीवरचे आणि मग तोवरचे एकूण अयशस्वी प्रयत्न मोजले जातात, त्यामुळे खालच्या उंचीवरची बेफिकीर चूक पदक घालवते. सलग तीन चुका म्हणजे बाहेर, मग त्या एकाच उंचीवर असोत वा उंची सोडून पुढे जाताना विभागलेल्या. आणि दोन उड्यांमध्ये तुम्ही तिला एकच सूचना द्या. १.४० ला पहिली उडी चुकली तर तुम्ही फक्त सातव्या पावलाचा ठसा पाहून सांगा: ‘रेषेवर राहा’, किंवा ठसा बरोबर असेल तर ‘थांब’.